इश स्मिथ: १३ संघांचा पॉइंट गार्ड. संघबदलांचा हिशेब आणि आपल्या पोरांनी त्यातून काय घ्यायचं

मांजराकाठ (लातूर)

आपल्याकडच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांना जॉर्डन, कोबे, करी तोंडपाठ असतात. इश स्मिथचं पोस्टर कुणाच्या भिंतीवर नसतं, आणि नाव निघालंच तर "तो कुठं टिकलाच नाही" एवढ्यावर विषय संपतो. मला हे अजिबात मान्य नाही. ६ फुटी गार्ड (बॉल पुढं नेऊन संघ चालवणारा), ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, नाव नाही, तीन गुणांचा फटका बेताचा, आणि तरी २०१० पासून २०२४ पर्यंत एनबीएत, जगातल्या सगळ्यांत अवघड लीगमध्ये, आणि तिथं सगळ्यांत जास्त, १३ संघांकडून खेळण्याचा विक्रम. पहाटे क्रीडा संकुलात येणाऱ्या ५ फूट १० इंची पोराला अभ्यासायला याच्याइतकी कामाची कारकीर्द नाही.

आधी प्रवास मांडतो. जन्म १९८८ चा, शार्लटचा. वेक फॉरेस्ट विद्यापीठात चार वर्षं. २०१० च्या ड्राफ्टमध्ये ६० नावं पुकारली गेली, त्यांत हा नव्हता. ह्यूस्टन रॉकेट्सनं करार दिला. फेब्रुवारी २०११ मध्ये शेन बॅटिएबरोबर मेम्फिसला रवानगी. बदल्यात ह्यूस्टननं हशीम थबीट, डमारे कॅरोल आणि पहिल्या फेरीची एक निवड घेतली. डिसेंबर २०११ मध्ये गोल्डन स्टेट, तिथून महिनाभरातच सुट्टी, मग ऑरलँडो. फेब्रुवारी २०१३ मध्ये जे. जे. रेडिकबरोबर मिलवॉकी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅरॉन बटलरच्या बदल्यात फिनिक्स. २०१४-१५ मध्ये ओक्लाहोमा सिटी, आणि मोसम संपायच्या आत फिलाडेल्फिया. २०१५-१६ ची सुरुवात न्यू ऑर्लिन्समध्ये, डिसेंबरात परत फिलाडेल्फिया. २०१६ ला डेट्रॉइटनं ३ वर्षांचे १ कोटी ८० लाख डॉलर दिले, २०१९ ला वॉशिंग्टननं २ वर्षांचे १ कोटी २० लाख. २०२१ ला शार्लट, फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा वॉशिंग्टन, जुलै २०२२ मध्ये डेन्व्हर. १२ जून २०२३ ला डेन्व्हरनं मायामीला ४-१ नं हरवून विजेतेपद घेतलं, त्या संघात हा होता. शेवटी पुन्हा शार्लट.

यातल्या बऱ्याच बदलांमागं खेळापेक्षा कराराचं कारण जास्त आहे. त्यावर जाणकारांनी लिहावं.

दुधना (परभणी)

दादा, मी मोजायलो तर १३ च्या वर जायलंय. फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, शार्लट दोनदोनदा आहेत. शिवाय सप्टेंबर २०१५ मध्ये तो वॉशिंग्टनच्या शिबिरातपण होता ना?

मांजराकाठ (लातूर)

दुधना, विक्रमात वेगवेगळे संघ धरतात, आणि नियमित मोसमात प्रत्यक्ष कोर्टवर उतरलेलाच संघ धरतात. म्हणून २०१५ चं वॉशिंग्टनचं शिबिर मोजत नाहीत. तिथं मोसमाआधीच सोडलं होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ओक्लाहोमानं त्याला न्यू ऑर्लिन्सकडं दिलं, त्यांनी लगेच सोडलं आणि फिलाडेल्फियानं उचललं. त्या वेळचं न्यू ऑर्लिन्सही मोजत नाहीत. पण ऑक्टोबर २०१५ पासून तो तिथं खरोखर खेळला, म्हणून यादीत ते नाव येतं. परत आलेला संघ दुसऱ्यांदा धरत नाहीत.

याआधीचा १२ संघांचा विक्रम चौघांच्या नावावर होता: चकी ब्राउन, टोनी मॅसेनबर्ग, जिम जॅक्सन, जो स्मिथ.

कयाधू (हिंगोली)

कराराचा भाग मी घेतो. हा समजला की ही कारकीर्द एकदम उलगडते.

एनबीए संघात १५ नियमित जागा. २०२३-२४ पासून त्याखेरीज ३ टू-वे करार, म्हणजे मुख्य संघ आणि जी लीग (एनबीएची विकास लीग) दोन्हीकडं खेळणारी पोरं. एवढ्या थोड्या जागांत खेळाडूंची अदलाबदल करायची तर बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचे पगार जुळवावे लागतात. मोठा पगारवाला जातो तेव्हा हिशेब बसवायला किंवा जागा भरायला छोट्या करारवाला सोबत जातो. बॅटिएबरोबर गेलेला, रेडिकबरोबर गेलेला इश स्मिथ तो हाच. त्या दोन बदल्या म्हणजे त्याच्या खेळावरचा शेरा नव्हे.

दुसरी गोष्ट वेव्हर. खेळाडूला सोडलं की ४८ तास तो वेव्हरवर राहतो. त्या वेळात दुसरा संघ त्याला आहे त्या करारासकट उचलू शकतो, आणि जास्त संघांनी हात वर केले तर ज्याची कामगिरी सगळ्यांत वाईट त्याचा नंबर आधी. फेब्रुवारी २०१५ ला फिलाडेल्फियानं त्याला असंच उचललं. कुणीच उचललं नाही तर खेळाडू मोकळा होतो.

तिसरी गोष्ट १० जानेवारी. अर्धवट हमीचे करार त्या दिवशी पूर्ण हमीचे होतात. वेव्हरचे ४८ तास धरून संघ ७ जानेवारीपर्यंतच निर्णय घेतात, त्यामुळं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बेंचवरच्या खेळाडूंवर टांगती तलवार असते. आणि लगोलग ५ जानेवारीपासून १० दिवसांचे करार सुरू होतात. १० दिवस किंवा ३ सामने, यातलं जे जास्त ते. एका संघाला एका मोसमात एका खेळाडूशी असे दोनच करार करता येतात. तिसऱ्यांदा ठेवायचं तर उरलेल्या मोसमासाठी घ्यावं लागतं.

चौथी गोष्ट लोकांना माहीत नसते, पण म्हाताऱ्या गार्डांची भाकरी तिच्यावर चालते. अनुभव वाढेल तसा किमान पगार वाढतो. मग संघ स्वस्तातला नवखाच घेतील ना? तसं होऊ नये म्हणून, एका वर्षाच्या किमान करारावर दोन वर्षांच्या अनुभवाइतकीच रक्कम संघाच्या खात्यात धरतात, वरचा फरक लीग भरते. १२ वर्षांचा अनुभवी गार्ड संघाला तिसऱ्या वर्षाच्या पोराच्या भावात पडतो.

बिंदुसरा (बीड)

कयाधू सर, लै उपयोगी. एक शंका. मार्च महिन्यात मोठमोठी नावं अचानक दुसऱ्या संघात दिसतात ती कशी? तेव्हा तर अदलाबदलीची मुदत संपलेली असते.

कयाधू (हिंगोली)

मुदत फेब्रुवारीत संपते, बरोबर. त्यानंतर खेळाडू आणि संघ आपसांत तडजोड करतात: खेळाडू थोडे पैसे सोडतो, संघ त्याला मोकळं करतो. पण १ मार्चच्या आत सोडलेला असेल तरच तो नव्या संघाकडून प्ले-ऑफ (मोसमाअखेरचे विजेतेपदाचे सामने) खेळू शकतो. २ मार्चला सोडला तर करार होईल, प्ले-ऑफ नाही.

झोन२३ (छ. संभाजीनगर)

कागद झाले, आता कोर्टवर या.

मोसमाच्या मध्यात बदललेला खेळाडू साधारण ४८ तासांत नव्या संघाकडं हजर व्हावा लागतो आणि वैद्यकीय तपासणीत पास व्हावा लागतो. तपासणीत गुडघा किंवा पाठ अडली तर अख्खी अदलाबदल रद्द होऊ शकते. ८२ सामन्यांच्या वेळापत्रकात सरावाला दिवस मिळतच नाहीत. म्हणजे काय, तर पॉइंट गार्डनं सकाळच्या हलक्या सरावात ऐकायचं आणि रात्री संघ चालवायचा.

अशा वेळी प्रशिक्षक अख्खी वही देत नाहीत. हल्ल्याचे पाचसहा सेट (ठरलेल्या चाली), बाजूच्या आणि बेसलाइनच्या (रिंगमागच्या रेषेच्या) थ्रो-इनचे दोनदोन, आणि पिक अँड रोल (साथीदार बचाववाल्याच्या वाटेत उभा राहून स्क्रीन लावतो, मग रिंगकडं वळतो) कसा अडवायचा त्याच्या हाका. खरी गडबड या हाकांत होते. बाजूच्या पिक अँड रोलला बॉलवाल्याला मधे येऊ न देता बेसलाइनकडं ढकलायचं, या एकाच बचावाला एक संघ आइस म्हणतो, दुसरा ब्लू, तिसरा डाउन. नव्या गार्डच्या डोक्यात जुनी हाक असली तर तो अर्धा सेकंद थांबतो, तेवढ्यात बॉल रिंगखाली. सेटचं तसं नसतं. हॉर्न्स बहुतेक ठिकाणी हॉर्न्सच: दोन उंच खेळाडू एल्बोवर (फ्री-थ्रो रेषेच्या दोन टोकांना), दोन शूटर कोपऱ्यात, गार्ड मधे वर. म्हणून आधी बचावाच्या हाका पाठ करायच्या, हल्ला नंतर.

पुढचं काम चौघांच्या आवडी समजून घेणं. कुणाला पास छातीशी हवा, कुणाला धावत्या पावलापुढं, कोण स्क्रीन लावून रिंगकडं जातो आणि कोण बाहेर सरकून फटका मारतो. इश स्मिथ हे इतक्या झटपट करायचा की प्रशिक्षकांना त्याची भीती वाटत नसे. त्याची किंमत यातच होती.

नांदेड_नेट

याचा सगळ्यांत मोठा पुरावा फिलाडेल्फिया २०१५-१६. संघ १ विजय, ३० पराभव. नेर्लेन्स नोएलसारखा उडणारा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) संघात होता, पण त्याला योग्य वेळी हवेत बॉल देणारं नव्हतं कुणी. २४ डिसेंबरला दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी देऊन त्यांनी इश स्मिथला परत आणलं. २६ डिसेंबरला फिनिक्समध्ये तो उतरला आणि संघ जिंकला. मोसम १०-७२ वर संपला. हे आकडे काही भूषणावह नाहीत, पण मोजून बघा: त्याच्याआधी ३१ सामन्यांत १ विजय, नंतर ५१ सामन्यांत ९. तिथं त्याची सरासरी साधारण १५ गुण आणि ७ असिस्टची (साथीदाराला गुण मिळवून देणारे पास). डेट्रॉइटचा तो ३ वर्षांचा करार याच अर्ध्या मोसमाची कमाई.

दुधना (परभणी)

पण त्याचा तीनचा फटका कच्चा होता तर बचाववाले स्क्रीनखालून, म्हणजे रिंगच्या बाजूनं, जाऊन वाट अडवत नव्हते का? आमच्याकडची पोरं तर तिथंच अडकतात. बचाववाला खाली सरकला की हे उभे राहतात आणि बॉल परत देतात.

झोन२३ (छ. संभाजीनगर)

जायचेच, सगळे जायचे. त्याची उत्तरं नीट बघण्यासारखी आहेत.

पहिलं उत्तर वेग. स्क्रीनजवळ येईपर्यंत त्याचा धाव-वेग पूर्ण झालेला असतो. बचाववाला खालून वळसा घालतो त्याला एक पाऊल जास्त लागतं, आणि तेवढ्यात हा एल्बोपाशी. तिथून थांबून उडी मारून फटका, किंवा रिंगसमोर फ्लोटर (सेंटरच्या हातावरून जाणारा उंच, हलका फटका). आपली पोरं स्क्रीनकडं चालत जातात, तिथंच खेळ संपतो.

दुसरं, पुन्हा स्क्रीन. बचाववाला खाली गेला की स्क्रीनवाल्यानं दोन पावलं रिंगकडं सरकून उलट बाजूनं परत स्क्रीन लावायची. आता "खाली" जायला जागाच उरत नाही. तो गेला तर गार्ड फ्री-थ्रो रेषेच्या आत मोकळा.

तिसरं साप-ड्रिबल. स्क्रीन ओलांडल्यावर परत आतल्या बाजूला वळून बचाववाल्याला पाठीवर घ्यायचं. तो मागं अडकला की पुढं फक्त सेंटर उरतो, म्हणजे दोघांविरुद्ध एक.

सरावाची मांडणी अशी ठेवा: प्रत्येक बाजूनं १० वेळा पूर्ण वेगानं स्क्रीन ओलांडून एल्बोवरचा फटका, १० वेळा पुन्हा स्क्रीन, १० वेळा साप-ड्रिबल करून फ्लोटर. बचाववाला हवाच, खुर्च्या लावून भागत नाही. फटका चुकला तर चालेल, वेग कमी झाला तर ती फेरी धरायची नाही. सिमेंटच्या कोर्टवर हे आठवड्यातून तीनपेक्षा जास्त दिवस करू नका. थांबून उडी मारण्याचा सगळा भार गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायूबंधावर येतो, आणि १५-१६ च्या पोरांचं दुखणं तिथूनच सुरू होतं. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठच्या आत उरका.

बिंदुसरा (बीड)

यादीतल्या जो स्मिथचं प्रकरण एकदा लिहा ना कुणीतरी. तो तर १९९५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला होता.

कयाधू (हिंगोली)

पहिला होता, गोल्डन स्टेटनं घेतला. त्याचं फिरणं वेगळ्या कारणानं. एकाच संघात तीन वर्षं काढली की तो संघ पगारमर्यादा ओलांडूनही त्या खेळाडूला मोठा करार देऊ शकतो. मिनेसोटानं त्याच्याशी गुपचूप ठरवलं की आधी लहान लहान एकेका वर्षाचे करार कर, मग मोठा देऊ. २००० मध्ये हे उघड झालं. लीगनं करार रद्द केला, संघाला ३५ लाख डॉलर दंड केला आणि पहिल्या फेरीच्या ५ निवडी काढून घेतल्या. त्यांतल्या २ पुढं परत दिल्या. तोंडी आश्वासनावर सही करणाऱ्या कुठल्याही खेळाडूनं हे प्रकरण वाचावं. त्याचा हक्काचा मोठा करार गेला तो गेलाच.

रेषेबाहेर (जालना)

आत्तापर्यंत सगळं अमेरिकेतलं चाललंय. देश बदलणाऱ्यांचाही विचार व्हावा. स्टेफन मारबरी १९९६ च्या ड्राफ्टमध्ये चौथा. मिनेसोटा, न्यू जर्सी, फिनिक्स, न्यूयॉर्क, बोस्टन असं फिरून २०१० ला चीनमध्ये गेला. शान्शी, मग फोशान, मग बीजिंग डक्स. बीजिंगला २०१२, २०१४ आणि २०१५ अशी तीन विजेतेपदं मिळवून दिली. एनबीएत त्याला एकही मिळालं नव्हतं.

देश बदलला की नियम बदलतात, आणि गार्डला ते पहिल्याच सामन्यात टोचतात. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, फिबाचा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा) ४०. तिथं सहाव्या फाउलला बाहेर, इथं पाचव्याला. म्हणजे पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल झाले की फिबात प्रशिक्षक सहसा बसवतातच. तीनची रेषा तिथं ७.२४ मीटर, फिबात ६.७५, आणि कोपऱ्यात ६.६०. एनबीएत कोर्टवरचा खेळाडू टाइम-आउट मागू शकतो, फिबात फक्त प्रशिक्षक. अमेरिकेतून आलेला गार्ड पंचाकडं बघत हातानं खूण करत राहतो आणि तेवढ्यात बॉल जातो.

सगळ्यांत मोठा फरक म्हणजे बचावाच्या तीन सेकंदांचा नियम. एनबीएत बचावातला सेंटर कुणाला न धरता पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) तीन सेकंदांवर उभा राहू शकत नाही. फिबात असा नियमच नाही, तो खुशाल रिंगखाली तळ ठोकतो. म्हणून नुसत्या वेगावर आत घुसणारा गार्ड युरोपात फसतो. तिथं मधल्या अंतरावरचा फटका आणि कोपऱ्यातला पास यांवरच पोट चालतं. शिवाय फिबात बॉल रिंगला लागला की कुणीही त्याला हात लावू शकतो, एनबीएत रिंगवरच्या बॉलला हात लावला की नियमभंग.

आपली शालेय आणि राज्य स्पर्धा फिबाच्या नियमांवर चालते. पोरं बघतात एनबीए, खेळतात फिबा. हा घोटाळा प्रशिक्षकांनी पहिल्या दिवशीच सोडवावा.

नांदेड_नेट

भारतीयांचं बोलायचं तर सतनाम सिंग, पंजाबच्या बल्लो के गावचा. २०१५ ला डॅलसनं ५२ व्या क्रमांकावर घेतला, भारतात जन्मलेला पहिला ड्राफ्ट झालेला खेळाडू. पुढं तो डॅलसच्या विकास संघाकडून, टेक्सास लेजंड्सकडून खेळला, मुख्य संघात एकही सामना मिळाला नाही. अमज्योत सिंग आणि अमृतपाल सिंग दोघेही जपानमध्ये टोकियो एक्सलन्सकडून खेळले. नंतर अमज्योत ओक्लाहोमा सिटी ब्लूकडं आणि अमृतपाल सिडनी किंग्जकडं. ही सगळी उंच माणसं आहेत. गार्डच्या जागेवर बाहेर जाणं त्याहून कितीतरी अवघड, कारण ६ फुटी गार्ड प्रत्येक देशाकडं स्वतःचेच भरपूर असतात आणि परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या.

दुधना (परभणी)

मग बाहेर जायची कागदोपत्री पद्धत काय? एनबीएसारखी अदलाबदल तर तिकडं नसते.

रेषेबाहेर (जालना)

नसते. करार संपतो आणि खेळाडू दुसरीकडं सही करतो. देश बदलताना फिबाचं लेटर ऑफ क्लिअरन्स लागतं. खेळाडू शेवटी ज्या देशाच्या महासंघाकडं नोंदलेला, त्या महासंघानं नव्या देशाच्या महासंघाला ते द्यायचं, ७ दिवसांत. नकार देता येतो तो एकाच कारणानं: आधीचा करार अजून चालू आहे. म्हणून जुन्या क्लबकडून करार संपल्याचं लेखी घेतल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नये.

करारात चार गोष्टी बघायच्या. पगार कर कापून हातात येणारा आहे की कापायच्या आधीचा. घर, जाण्यायेण्याची तिकिटं आणि दुखापतीचा खर्च कुणाकडं. वैद्यकीय तपासणी पोचल्यावर किती दिवसांत, आणि त्यानंतर दुखापतीचं कारण दाखवून क्लबला करार मोडता येतो का. चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची, वाद झाला तर बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनलकडं जाईल असं कलम. फिबानं २००७ मध्ये ही व्यवस्था सुरू केली, ठिकाण जिनिव्हा. ते कलम करारात नसेल तर तिथं तक्रार घेतच नाहीत, मग त्या देशाच्या कोर्टात त्यांच्या भाषेत भांडत बसायचं. निकाल देऊनही क्लबनं पैसे दिले नाहीत तर फिबा त्या क्लबला नवे खेळाडू नोंदवायला बंदी घालू शकतं, आणि त्या भीतीनं बहुतेक वेळा पैसे येतात.

मांजराकाठ (लातूर)

याला जोडून इथल्या पोरांसाठी. बाहेरचा रस्ता उघडेपर्यंत, आणि बहुतेकांसाठी कायमच, रेल्वे, पोलीस, आयकर, ओएनजीसी हेच व्यावसायिक बास्केटबॉल आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते मिळतं क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी झाली तरच. ती विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात होते. नुसतं प्रमाणपत्र जपून भागत नाही. त्या स्पर्धेचा प्रवेश अर्ज, संघाची यादी, निकालपत्रक यांच्या प्रतीही त्याच वर्षी काढून ठेवा. दहा वर्षांनी संघटनेत माणसं बदललेली असतात आणि कागद हाती लागत नाही. प्रमाणपत्रावरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

बिंदुसरा (बीड)

शेवटचं एक विचारतो, कारण हे आत्ता चाललंय. आमच्या भागातल्या १६ वर्षांच्या एका पोराच्या वडिलांना फोन येतायत. "युरोपच्या अकादमीत घालतो, पुढं क्लबचा करार पक्का, आधी दोन लाख भरा." वडील शेतातलं काहीतरी विकायच्या बेतात आहेत. खरं असू शकतं का?

रेषेबाहेर (जालना)

भाऊ, त्यांना आजच थांबवा. १८ पूर्ण व्हायच्या आत फिबा आंतरराष्ट्रीय बदलीला परवानगी देत नाही. आईवडील खेळ सोडून दुसऱ्या कारणानं त्या देशात राहायला गेले, अशा मोजक्याच अपवादांत देतं, आणि तेही महासंघांमार्फत. "क्लबचा करार पक्का" हे १६ व्या वर्षी कुणीच म्हणू शकत नाही.

परवाना असलेल्या एजंटांची यादी फिबाच्या संकेतस्थळावर आहे. फोन करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि परवाना क्रमांक विचारा आणि तिथं तपासा. युरोपात एजंटचं कमिशन सहसा करार झाल्यावर क्लबच देतो, एनबीएत ते खेळाडूच्या पगारातून जास्तीत जास्त ४ टक्के. दोन्हीकडं पैसा करारानंतर येतो. आधी वडिलांकडून मागणारा माणूस एजंटचं काम करतच नाही. अकादमीचं नाव सांगितलं असेल तर त्या अकादमीला त्यांच्या अधिकृत पत्त्यावर थेट ईमेल लिहा, पोराचं वय आणि उंची सांगा आणि असा माणूस तुमच्यासाठी खेळाडू शोधतो का, एवढंच विचारा. इंग्रजी मसुदा हवा असेल तर निरोप टाका, आज रात्री लिहून देतो.